पडक्या वास्तूचा फोटो काढण्याआधी तिचा उजेड शोधा

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या, बंद पडलेल्या कापड कारखान्यात शिरलात तर कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि मान वर करून छप्पर बघा. जुन्या विणाई खात्यांचे छप्पर पुष्कळदा करवतीच्या दातांसारखे असते. प्रत्येक दाताची एक बाजू उतरती, पत्र्याची किंवा कौलांची, आणि दुसरी जवळजवळ उभी, काचेची. काचेचे तोंड उत्तरेला. वर्षातला बराच काळ आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून थेट ऊन उतरत नाही. येतो तो आकाशाचा मऊ उजेड, दिवसभर जवळपास सारखा. मागावर उभ्या असलेल्या माणसाला तुटलेला धागा चटकन दिसावा, डोळ्यावर तिरीप येऊ नये, म्हणून केलेली ही सोय.

मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला ओळखीच्या एका कारखानदारांचा बंद माग-कारखाना आहे, तिथे राखणीला बसणाऱ्या अण्णांनी सांगितले. ते आधी गिरणीत होते, मग यंत्रमागावर. मी तासभर फ्लॅश मारत फिरत होते, ते दारातून बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, तो दिवा कशाला लावायलीस? वर काच आहे की. आम्ही तीस वर्षं त्याच उजेडात सूत जोडलंय."

त्या दिवशी घरी येऊन फोटो उघडले तेव्हा त्यांचे म्हणणे डोळ्यांना दिसले. फ्लॅशने भिंती सपाट झाल्या होत्या, खोली हरवली होती, आणि हवेतल्या धुळीचे पांढरे ठिपके चित्रभर पसरले होते. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते. प्रत्येक वास्तू कुठल्या तरी कामासाठी बांधलेली असते आणि त्या कामापुरता उजेड तिच्यात योजलेला असतो. कारखान्यात वरची काच, वाड्यात मधला चौक, माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वर ठेवलेले साणे (उजेडाची भोके), किल्ल्यात जंग्या (तटातल्या मारगिरीच्या फटी). आधी तो उजेड ओळखायचा. कॅमेऱ्याचे कुठले तंत्र वापरायचे हे त्यानंतर आपोआप सुचते. खाली जे लिहिले आहे ते याच क्रमाने करून बघा.

पहिली गोष्ट: जागा आणि परवानगी

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी मिल, आणि तिच्यामागून आलेल्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्यांत ज्यांच्या घरातले कुणी ना कुणी कामाला होते अशी कुटुंबे आजही पेठापेठांत भेटतात. गिरण्यांच्या जागेवर आता बऱ्याच ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. जे उरले आहे त्यातल्या कुठल्या भिंतीचा मालक कोण, हे बाहेरून कळत नाही. म्हणून नवख्या माणसाने गिरणीच्या पडक्या भागापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करा. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिकीट काढून आत जाता येते, आणि पडक्या दगडी कामावर ऊन-सावली कशी चालते हे बघायला त्याच्यासारखी शाळा नाही. अशा संरक्षित जागी ट्रायपॉड लावायचा तर खात्याची परवानगी घ्यावी लागते, तेव्हा तिथे हातात कॅमेरा धरून किंवा फोनवर सराव करा. एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर हैदराबाद रस्त्याने नळदुर्गच्या किल्ल्यात जा. जिल्हा धाराशिव, पण सोलापूरहून तासाभराचा रस्ता. बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या पाणीमहालात आत काळोख आणि बाहेर पाण्यावर चमकणारा उजेड असतो. हा सामना कॅमेऱ्याला झेपत नाही, आणि तो कसा झेपवायचा हे पुढे येणार आहे.

त्यानंतर ओळखीतला वाडा किंवा बंद कारखाना शोधा. बाळीवेस, चौपाड, शुक्रवार पेठ या जुन्या भागांत कुणाच्या तरी मामांचा, आत्याचा कुलूपबंद वाडा निघतोच. यंत्रमागाचे बंद कारखाने पूर्व भागात ओळख काढली की सापडतात. मालकाला भेटा, काय करणार ते सांगा, आधी काढलेले दोन-चार फोटो दाखवा, आणि "अमुक दिवशी अमुक वेळी फोटो काढायला हरकत नाही" एवढा एक मेसेज व्हॉट्सॲपवर मागून घ्या. राखणदाराच्या तोंडी परवानगीवर मी एकदा एका बंद वास्तूत गेले होते. दोन तासांनी घरातलेच दुसरे वाटेकरी आले, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते, त्यांना कुणी विचारले नव्हते. सगळे फोटो त्यांच्यासमोर पुसावे लागले. वाट्यांचा वाद असलेल्या वाड्यात एका भावाची परवानगी पुरत नाही, हे मी तेव्हा शिकले. मोकळी दिसणारी वास्तूही कुणाची तरी मालमत्ता असते. परवानगीशिवाय आत शिरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ड्रोन उडवायचा विचार असेल तर होटगी रस्त्यावरचा विमानतळ लक्षात ठेवा आणि ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढू नका.

आत पाऊल टाकताना

एकटे जाऊ नका. बाईमाणसाने तर नाहीच, पुरुषानेही नाही. पायात जाड तळाचे, घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण खिळे, काचा आणि विंचू यांना चपलेची अडचण होत नाही. दगडमातीच्या ढिगाऱ्यात नाग आणि घोणस असू शकतात. हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करा, आणि न दिसणाऱ्या जागी हात घालूच नका. कबुतरांची विष्ठा साचलेल्या खोलीत झाडू मारू नका, त्या धुळीतून फुप्फुसाचे आजार होतात. एन-९५ मास्क लावा. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात, तेव्हा फुटलेल्या पत्र्यांवर पाय देऊ नका आणि त्यांची भुकटी उडवू नका.

लाकडी जिना, लाकडी तक्तपोशी, माळवद यांच्यावर पाऊल टाकायचे नाही. खालून फोटो काढा. मातीच्या भिंती पावसात भिजून फुगतात आणि पाऊस थांबून ऊन पडल्यावरसुद्धा कोसळतात, म्हणून जून ते ऑक्टोबर मी कुठल्याही मातीच्या वाड्यात जात नाही. महापालिकेची धोकादायक इमारतीची पाटी लागली असेल तर विषय तिथेच संपला. आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता मागे फिरा. कुठे आहात आणि किती वाजता बाहेर याल हे घरी सांगून ठेवा, अडचण आलीच तर ११२ लावा.

सामान

मोठा कॅमेरा नसला तरी चालेल. ज्या फोनमध्ये प्रो मोड आहे, म्हणजे शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) हाताने ठरवता येतो, त्यावर यातले जवळपास सगळे जमते. ट्रायपॉड मात्र हवा. तो नसेल तर एक किलो ज्वारी कापडी पिशवीत सैलसर भरा आणि तोंड शिवून टाका. उंबऱ्यावर, देवळीत, मागाच्या लोखंडी चौकटीवर ही पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की तो हलत नाही, आणि ट्रायपॉड मावणार नाही अशा कोपऱ्यात ती बसते. बरोबर दोन टॉर्च, सुती फडके, पाणी. भिंग बदलायचे तर बाहेरच बदलून घ्या. कारखान्यात तारांवर, तुळयांवर कापसाचे तूस अजून लोंबत असते आणि ते सेन्सरवर बसले की आकाशात काळे केस दिसतात.

पहिला अर्धा तास

हा अर्धा तास फोटो काढायचा नाही. वहीत वास्तूचा ओबडधोबड नकाशा काढा, उत्तर दिशा लिहा, उजेड कुठून येतो तिथे बाण काढा. आता कुठली भिंत उजळली आहे, दोन तासांनी कुठली उजळेल, याचा अंदाज लिहा. नंतर तो पडताळून बघा. चार-पाच वेळा चुकलात की अंदाज बसायला लागतो.

सोलापुरासाठी एक गोष्ट माहीत असू द्या. आपले शहर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या १०-११ तारखेच्या सुमारास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, तिथून पुढे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेला असतो, आणि मग पुन्हा एकदा डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळीही ऊन उत्तरेच्या अंगाने येते. म्हणजे जी काच एरवी मऊ उजेड देते, तिच्यातून या दिवसांत ऊन तिरपे आत शिरू शकते. मऊ उजेड हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. साण्यातून सरळ खाली उतरणारा उजेडाचा खांब हवा असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी साण्याखाली तयारीत राहा. आपल्याकडे खरी दुपार घड्याळातल्या बाराला होत नाही, नंतर होते. उन्हाचा पारा तेव्हा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा डोक्याला पंचा आणि पाणी हवेच.

रेषा सरळ ठेवा

नवख्यांचा फोटो बिघडतो तो इथे. उंच भिंत मावत नाही म्हणून कॅमेरा वर करतात, मग भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात आणि वास्तू मागे कोसळल्यासारखी दिसते. कॅमेरा जमिनीला समांतर ठेवा, पडद्यावरची जाळी चालू करा आणि दाराची चौकट त्या उभ्या रेषेला लावा. वरचा भाग मावत नसेल तर मागे सरका. मागे जागा नसेल तर रुंद भिंग किंवा फोनचा ०.५ वापरा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. आधी हे सरळ काढायला शिका. मग मुद्दाम तिरपे काढलेले चांगले की वाईट हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

काळोख आणि खिडकी एकाच चित्रात

डोळ्यांना खिडकीबाहेरचे झाडही दिसते आणि आतला कोपराही दिसतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच जमते. कोपरा दिसेल असे ठेवले तर खिडकी पांढरीफटक, खिडकी सांभाळली तर आत काळे. यावर उपाय म्हणजे ब्रॅकेटिंग: एकाच जागेवरून वेगवेगळ्या उजेडाचे अनेक फोटो काढून नंतर एकत्र करणे.

आकडे घेऊन बघू. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, भिंगाचे छिद्र एफ ८ (आकडा वाढला की छिद्र लहान होते), फोकस हाताने लावून पक्का केलेला, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. खिडकीवर उजेड मोजला तर समजा १/१२५ सेकंद आला, आतल्या कोपऱ्यावर मोजला तर २ सेकंद. या दोघांत आठ स्टॉपचे अंतर आहे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आता दोन-दोन स्टॉपच्या पायरीने पाच फोटो काढा: १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि २ सेकंद. छिद्र आणि आयएसओ बदलायचे नाहीत, फक्त शटर. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. पुष्कळ जण उजेड न मोजता तीनच फोटो काढतात आणि मग खिडकी पांढरीफटक का झाली म्हणून विचारतात. अंतर आधी मोजा, फोटो किती लागतील ते त्यावरून ठरते.

जोडणी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होते, पण हात आखडता ठेवा. माझ्या पहिल्या जोडलेल्या फोटोंमध्ये कोपरान् कोपरा झगझगीत झाला होता, गंज नारिंगी, भिंती पिवळ्या. मी ते मोठ्या हौसेने अण्णांना दाखवले. त्यांनी फोन दूर धरून बघितला आणि म्हणाले, "हे आमचं खातं वाटत नाही बघ. आमचा उजेड पांढरा होता, दुधासारखा. आणि मागाखाली अंधारच असायचा." मी घरी जाऊन सगळे पुन्हा जोडले, मागांच्या जागेवरचा अंधार अंधारच राहू दिला. आजही जोडलेला फोटो बघताना मी आधी विचारते, या खोलीत खरोखर कुठे अंधार होता? तिथे तो असलाच पाहिजे.

कवडशांशी खेळ

पत्र्याला खिळ्याची जुनी भोके असतात आणि त्यांतून जमिनीवर कवडसे पडतात. वाकून बघा: भोक कसेही वेडेवाकडे असले तरी कवडसा गोल असतो. कारण ते भोकाचे चित्र नसते, सूर्याचे चित्र असते. प्रत्येक भोक म्हणजे एक छोटा कॅमेरा. छप्पर पाच मीटर उंच असेल तर सूर्याचे हे चित्र साडेचार सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे छोट्या पेढ्याएवढे, आणि दुपारी मिनिटाला साधारण दोन सेंटिमीटर सरकते. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी असल्या छताखाली थांबलात तर जमिनीवर शेकडो चंद्रकोरी दिसतील.

याचे दोन प्रयोग करा. पहिला सोपा: ट्रायपॉड न हलवता दर पाच मिनिटांनी एक असे तासभर फोटो काढा आणि नंतर एकमेकांवर ठेवा. कवडशांच्या माळा तयार होतात, प्रत्येक मणी पाच मिनिटांचा. दुसरा: हवेत थोडी धूळ असेल तेव्हा कवडशाच्या रेषेला आडवे उभे राहा, पाठीमागे काळी भिंत येईल असे बघा, आणि १ ते ४ सेकंदांचे शटर ठेवा. धुळीचे कण फिरून एकजीव होतात आणि उजेडाचा दांडा घट्ट दिसतो. यासाठी धूळ मुद्दाम उडवू नका. कबुतरे ते काम करतातच, आणि १/८ सेकंदात त्यांचे पंख धुरासारखे उमटतात.

अजून एक पायरी पुढे जायचे असेल तर खोलीचाच कॅमेरा करा. वाड्यातली एखादी लहान, चुना दिलेली खोली निवडा, जिची एकच खिडकी रस्त्याकडे आहे आणि समोरच्या घरावर ऊन पडले आहे. खिडकी काळ्या कापडाने आणि पुठ्ठ्याने पूर्ण झाका, फटी बुजवा, पुठ्ठ्याच्या मधोमध साधारण दीड सेंटिमीटरचे गोल भोक पाडा. दार लावून दहा मिनिटे अंधारात बसा. डोळे सरावले की समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा दिसू लागतो. आकाश खाली, डांबर वर, आणि लाल साडीतली एक बाई डोक्यावर चालत जाते. माझ्याबरोबर वाड्याच्या मालकीणबाई होत्या, त्यांचे बालपण त्याच खोलीत गेले होते. त्यांनी भिंतीला हात लावला तर समोरच्या घराचे जोते त्यांच्या हातावर उमटले. फोटो काढायला आयएसओ ८००, एफ ४ आणि १५ ते ३० सेकंद इथून सुरुवात करा, कमी पडले तर वेळ वाढवा. भोक लहान केले की चित्र रेखीव होते पण मंद होते. दुपारी साडेअकरा ते दोन ही वेळ मला सगळ्यांत चांगली सापडली. वाड्याला काही न तोडता, एक खिळा न ठोकता हे जमते, म्हणून मला हा प्रयोग सर्वांत जवळचा आहे.

टॉर्चने चित्र भरणे

ज्या जागी उजेड मुळातच पोचत नाही, म्हणजे बळद (धान्य साठवायची काळोखी जागा), तळघर, गिरणीचे इंजिनघर, तिथे टॉर्च. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ८, शटर ३० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सोय) ऑटोवर न ठेवता एका जागी पक्का. टॉर्चच्या उजेडात फोकस लावून घ्या आणि मग तो कुलूपबंद करा. शटर उघडले की चित्राच्या बाजूला जाऊन वस्तूवर टॉर्च फिरवा, भिंतीला चुना लावल्यासारखा, हात सतत हलता.

दोन चुका सगळ्यांच्या होतात. पहिली, कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून टॉर्च मारणे. ते फ्लॅशसारखेच होते, सगळे सपाट. टॉर्च बाजूला न्या, इतका की उजेड भिंतीला चाटून जाईल. भिंतीपासून वीतभर अंतरावर टॉर्च धरून तिरपा झोत सोडला तर आधी न दिसलेले काहीबाही वर येते. त्या कारखान्यात स्विचच्या पेटीशेजारी मला असेच सापडले: खडूने मारलेल्या चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे, टॉवेल मोजल्याचे. त्यांच्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर, गिलावा गुळगुळीत होऊन चमकत होता. तिथे माणसे पाठ टेकून उभी राहत. समोरून बघताना मी या भिंतीवरून तीन वेळा पुढे गेले होते.

दुसरी चूक म्हणजे घाई. तीस सेकंद पुरत नाहीत असे वाटून टॉर्च गरागरा फिरवतात. त्यापेक्षा एका फोटोत फक्त तुळई, दुसऱ्यात फक्त भिंत, तिसऱ्यात जमीन उजळा आणि नंतर जोडा. काळे कपडे घाला, आणि टॉर्चचे तोंड कॅमेऱ्याकडे वळू देऊ नका.

जमिनीजवळ

मागे राहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांनी सोडलेल्या खुणा मला जास्त बोलक्या वाटतात. माग उचलून नेल्यावर फरशीवर तेलाने काळे झालेले चौकोन राहतात, ओळीने, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यांवर बोल्टची छाटलेली टोके. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणा, एफ ११ ठेवा, फोकस एकतृतीयांश अंतरावर लावा. सकाळी उजेड तिरपा असतो तेव्हा तेलकट चौकोन चकाकतात आणि मधली वाट कोरडी दिसते. विणकर दिवसभर ज्या वाटेने येरझारा घालत तीच ती वाट.

कोपऱ्यात धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारा तुकडा, पडलेला असेल, धाग्याची कांडी असेल, भिंतीवर जुनी दिनदर्शिका असेल. हलवू नका. चांगले दिसेल म्हणून धोटा खिडकीत नेऊन ठेवला की तो फोटो खोटा झाला, आणि पुढच्या माणसाला तो कुठे होता हे कधीच कळणार नाही. घरी तर काहीच न्यायचे नाही, भंगारात जाणार असले तरी.

बाहेरून: एकाच गोष्टीचे अनेक

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून कित्येक दशके बंद होत चाललेल्या कारखान्यांचे पाण्याचे मनोरे, भट्ट्या, शीतमनोरे टिपले. ढगाळ उजेड, कॅमेरा समोरासमोर, प्रत्येक फोटो त्याच पद्धतीने, आणि मग सगळे एका जाळीत शेजारी शेजारी. त्यांची पद्धत सोलापुरात करून बघण्यासारखी आहे आणि बहुतेक फोटो रस्त्यावरूनच निघतात. एक विषय घ्या: वाड्यांचे दिंडी दरवाजे, किंवा यंत्रमाग कारखान्यांचे दर्शनी त्रिकोण. जुलै-ऑगस्टचे ढग आपल्याकडे पाऊस कमी आणि मऊ उजेड जास्त देतात, त्याचा फायदा घ्या. भिंग तेच, उंची तीच, अंतर शक्यतो तेच. दहा झाले की शेजारी मांडून बघा. एका दाराला घोडे कोरलेले, दुसऱ्याला फक्त खिळे, तिसऱ्यावर विजेच्या मीटरची पेटी ठोकलेली, हे फरक एकेकटे बघताना हातून निसटतात.

ढग पळताना हवे असतील तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, भिंगावर लावा. दहा स्टॉपचा फिल्टर १/३० सेकंदाचे साधारण ३० सेकंद करतो. उभी भिंत स्थिर राहते आणि आकाश वाहते. हा प्रकार लवकर कंटाळवाणा होतो, तेव्हा जपून.

परत जा

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. निवडक आठ-दहा फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापा आणि मालकाला, राखणदाराला नेऊन द्या. लोकांसमोर टाकताना वास्तूचा नेमका पत्ता आणि आत जायची वाट लिहू नका, भंगार चोरणारेही फोटो बघतात. आणि जे तिथे काम करत होते त्यांच्यासमोर फोटो मांडून विचारा, हे काय आहे. मी अण्णांसमोर तेलाच्या चौकोनांचा फोटो ठेवला तेव्हा त्यांनी एकेका चौकोनावर बोट ठेवून कोण कुठल्या मागावर होते ते सांगितले. चौदा माग, चौदा नावे. तेराव्यावर थोडे थांबले, मग आठवले.

हे ऐकताना लिहून घ्या. प्रिंटच्या मागच्या बाजूला, मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनाचा दाब पुढून उमटतो आणि शाई कालांतराने पाझरते. तारीख, वेळ, कुठल्या दिशेला तोंड करून काढला, आणि सांगणाऱ्याने जे शब्द वापरले तेच शब्द.